पळसाचा रंग : कागदावरची पांढरी खरखर कशी गेली

पळसाच्या फुलांचा रंग होळीला खेळायला सोपा, पण त्याची चित्रासाठी पूड करायची म्हटलं की खरी कसोटी. माझी अडचण अशी की रंग वाळला की कागदावर पांढरट कण उठायचे, जुन्या भिंतीला खार फुटावा तसे. डिंक बदलला, कागद बदलला, फरक शून्य.

गोम तुरटीत होती. १०० ग्रॅम वाळलेली फुलं उकळून गाळलेल्या काढ्यात ५० ग्रॅम तुरटी विरघळवायची आणि मग धुण्याच्या सोड्याचं पाणी थोडं थोडं घालायचं. भसाभसा फेस येतो, म्हणून पातेलं मोठंच घ्या. रंग धरून ठेवणारा साका तयार होतो, पण सोबत सल्फेटचे क्षारही तयार होतात. ते पाण्यात विरघळलेले असतात आणि गाळताना साक्यातल्या ओलाव्याबरोबर मागे राहतात. कण त्यांचेच.

आता साका खाली बसू देते, वरचं पाणी हलकेच ओतून टाकते, पुन्हा भांडंभर स्वच्छ पाणी घालून ढवळते. असं बऱ्याचदा. मगच सुती फडक्यातून गाळून सावलीत वाळवते आणि फरशीच्या तुकड्यावर खलते. खलताना कचकच आवाज आला नाही की काम झालं.

सोडा जास्त पडला तर पिवळा नारिंगीकडे झुकतो. मला तोच आवडतो. चित्र मात्र उन्हात टांगू नका, हा रंग उडतो.