पाहुणे, फॅन ग्रुप आणि मधला माणूस

अ‍ॅनिमे-गेमिंग कॉनमध्ये, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन आणि गेमच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, मी पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, तेव्हा 'कोणत्या विभागात काम करायला आवडेल?' या प्रश्नापुढे डोळे झाकून 'पाहुणे' असं लिहिलं. जो आवाज ऐकत मोठी झाले, तो ज्यांचा आहे त्यांना जवळून बघता येईल, एवढीच ओढ होती. बघता आलंही. पण त्या वर्षीच्या कॉनमधलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते वेगळंच आहे.

सह्यांचं सत्र दोन तासांचं होतं. रांग कुठे तोडायची हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि ते ठरवणं माझं काम आहे हे मला माहीत नव्हतं. येईल त्याला मी 'मागे उभे राहा' म्हणत गेले. पाहुण्यांची निघायची वेळ झाली तेव्हा साठ-सत्तर जण बाकी होते. सगळ्यात पुढे एक मुलगी होती. तिच्या हातात स्वतः बनवलेली फोमची तलवार होती, आणि मूठ रंगवताना लागलेला चंदेरी रंग अजून नखांच्या कडेला होता. सही तिला त्या मुठीवरच हवी होती. दीड तास उभी होती ती. "ताई, एकच मिनिट लागेल ना," म्हणाली. मला नाही म्हणावं लागलं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा रांगेचंच गणित शिकवते. नाव विचारून सही करायची, दोन शब्द बोलायचे, एक फोटो काढायचा, यात एक मिनिट सहज जातं. दोन तासांची १२० मिनिटं होतात. मध्ये १० मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, कारण सलग सह्या करून मनगट भरून येतं. राहिली ११०. तरी मी ११० जण घेत नाही, ८० वर रांग बंद करते. कुणी हुंदका देतं, कुणाचं पेन चालत नाही, कुणाला पाहुणे स्वतःच थांबवून घेतात. उरलेली ३० मिनिटं अशा क्षणांसाठी असतात आणि ती कधी वाया गेलेली मी पाहिली नाहीत. ऐंशीव्या माणसामागे पाटी धरून एक स्वयंसेवक उभा राहतो आणि त्यानंतर येणाऱ्याला लगेच सांगतो, की आज जमणार नाही. पाच मिनिटं उभं राहून मिळालेला नकार माणूस पचवतो, दीड तासानंतरचा नाही.

पाटीची ही कल्पना तोक्योच्या कॉमिकेटमध्ये, म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सच्या मोठ्या बाजारात, पक्की रुजलेली आहे. तिथे रांगेतला शेवटचा माणूसच 'रांग इथे संपते' अशी पाटी धरतो आणि मागे नवा कुणी आला की त्याच्या हातात देतो. १९७५ च्या डिसेंबरात कॉमिकेट सुरू झालं तेव्हा चाहत्यांचे ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. आज तिथे लाखोंनी लोक येतात, तरी त्यांनी एक तत्त्व सोडलेलं नाही: इथे कुणी गिऱ्हाईक नाही. टेबल मांडणारा, बघायला येणारा आणि व्यवस्था बघणारा, तिघेही सहभागी. छोट्या कॉनमध्ये काम करताना मला हे तत्त्व फार उपयोगी पडलं, कारण आपल्याकडे पोस्टरवर फोटो असतो तो पाहुण्यांचा, आणि हॉल भरलेला असतो तो चाहत्यांच्या गटांमुळे.

आधी पाहुण्यांबद्दल. डबिंगचे कलाकार येणार असतील तर लक्षात ठेवा, की गळा हे त्यांचं अवजार आहे. प्रेक्षकांतून कुणीतरी हमखास म्हणतं, 'ती लढाईतली आरोळी एकदा द्या ना!' तशी आरोळी स्टुडिओत देतानाही गळ्यावर ताण येतो, म्हणून किंचाळण्याचे प्रसंग बऱ्याचदा रेकॉर्डिंगच्या शेवटी घेतात. सूत्रसंचालकाला आधीच सांगा, की ही फर्माईश त्यानेच हसून वळवायची. पाहुण्यांवर नाही म्हणण्याची वेळ आणायची नाही. एका ज्येष्ठ कलाकारांनी मला विचारलं होतं, "स्टेजवर जायच्या आधी दहा मिनिटं कुणी बोलायला येणार नाही अशी जागा मिळेल का?" ग्रीन रूममध्ये तेव्हा फोटोसाठी आलेले आमचेच सहा स्वयंसेवक होते. ग्रीन रूम ही पाहुण्यांची खोली आहे. स्वयंसेवकांनी तिथे काम असेल तेव्हाच जायचं आणि काम झालं की बाहेर पडायचं.

गेम बनवणारे आणि आगामी मालिकेत काम करणारे कलाकार गोपनीयतेच्या कराराने बांधलेले असतात. 'पुढच्या भागात काय होणार?' हा प्रश्न प्रेक्षकांना साधा वाटतो, पण उत्तर दिलं तर त्यांचं काम जाऊ शकतं. म्हणून प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या आणि पॅनेलच्या आधी पाहुण्यांना दाखवा.

दुभाषी असेल तर वेळ निम्मी धरा. प्रश्न दोनदा बोलला जातो, उत्तरही दोनदा. ५० मिनिटांच्या पॅनेलमध्ये प्रत्यक्ष गप्पा २५ मिनिटांच्याच होतात. दुभाष्याला मालिकेतल्या पात्रांची, ठिकाणांची, खास शब्दांची यादी आठवडाभर आधी द्या. भाषा उत्तम येणाऱ्या माणसालाही एखाद्या काल्पनिक तलवारबाजीच्या डावाचं नाव ऐकून लगेच भाषांतर सुचत नाही. जपानी पाहुण्यांच्या कार्यक्रमात फोटो आणि रेकॉर्डिंगला अनेकदा पूर्ण बंदी असते. हा नियम स्टेजवरून सांगण्याआधी दारावर लावा. सहीसाठी ते शिकिशी नावाचा जाड पुठ्ठा वापरतात, साधारण २४ बाय २७ सेंटीमीटरचा, आणि त्यावर चाहत्याचं नावही लिहितात. नाव विचारून चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवणं हे रांगेतल्या स्वयंसेवकाचं काम. एवढ्याने माणशी दहा-पंधरा सेकंद वाचतात.

अजून एक गोष्ट, जी कुणी नव्या माणसाला सांगत नाही: सहीसाठी लोक नकली वस्तूही आणतात. बिनपरवाना छापलेली पोस्टरं, बनावट मूर्ती. ज्यांच्या कामाची चोरी झाली त्यांनाच त्यावर सही मागणं हा अपमान आहे, आणि बरेच पाहुणे त्यावर सही करत नाहीत. रांगेतच हळू आवाजात सांगून दुसरी वस्तू सुचवा. आणणाऱ्याला बहुतेक वेळा हे माहीतच नसतं.

आता गट. मनापासून सांगते, पहिल्या वर्षी 'पाहुणे' मागू नका, 'गट' मागा. पाहुण्यांच्या मागे फिरताना आपण घड्याळ बघायला शिकतो. गटांबरोबर राहिलं की कॉन कशी उभी राहते ते कळतं.

मी दुसऱ्या वर्षी फायटिंग गेमवाल्यांकडे होते. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' खेळणारा गट स्वतःचे टीव्ही घेऊन येणार म्हणाला. आमच्याकडे हॉलमध्ये नवे, पातळ, मोठे टीव्ही तयार होते, त्यामुळे मला कळेना. सकाळी पाच मुलं जुने, डब्यासारखे पिक्चर ट्यूबवाले टीव्ही दोघादोघांनी उचलून आणत होती. गटाच्या प्रमुख दादाने मला शेजारी बसवून दाखवलं. हा गेम २००१ मधला, गेमक्यूब नावाच्या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवरचा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, चालतात. पातळ टीव्ही चित्र आधी स्वतःच्या पद्धतीने बदलून घेतो आणि मग दाखवतो, त्यात तीन फ्रेम जरी गेल्या तरी सेकंदाचा विसावा भाग गेला. त्याने आधी पातळ टीव्हीवर उडी मारायला सांगितली, मग जुन्यावर. जुन्या टीव्हीवर बोट आणि पात्र एकदम हललं. "ताई, आमचा सगळा खेळ या फरकात आहे," तो म्हणाला. तेव्हा मला समजलं की हा हट्ट नव्हता, हे त्यांचं ज्ञान होतं, आणि आम्ही ते विचारलंच नव्हतं.

दुपारी वीज गेली. पूर्ण हॉलची नाही, फक्त त्यांच्या कोपऱ्याची. स्टेजवरचं धुराचं मशीन आणि त्यांचे टीव्ही एकाच सर्किटवर होते, मशीन गरम व्हायला लागलं आणि एमसीबी पडला. उपांत्य सामना अर्धा झाला होता. दोन्ही खेळाडूंनी कंट्रोलर खाली ठेवले आणि एकमेकांकडे बघून मान हलवली, पहिल्यापासून खेळू. कुणी आम्हाला शब्दाने बोललं नाही. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. आता प्रत्येक गटाच्या फॉर्मवर मी तीन प्रश्न टाकते: कोणती उपकरणं, किती प्लग, आणि किती वॅट. उत्तरं घेऊन मी हॉलच्या इलेक्ट्रिशियनबरोबर प्रत्यक्ष बोर्डापाशी उभी राहते. नकाशावर ठरवलेलं चालत नाही.

स्पर्धेची वेळही अशीच मोजून घ्या. दोनदा हरल्यावर बाद, अशा पद्धतीत ३२ खेळाडू असतील तर विजेता सोडून ३१ जण प्रत्येकी दोनदा हरायला हवेत, म्हणजे ६२ सामने, आणि अंतिम फेरी पुन्हा खेळावी लागली तर ६३. चार टीव्ही आणि सामन्याला दहा मिनिटं धरली तर अडीच तासांच्या वर होतात. पण शेवटचे सामने एकामागून एकच होतात आणि लांबतात. मी साडेचार तास देते. 'दोन तासांत उरकेल' असं स्टेजवाल्यांनी म्हटलं तर हे गणित त्यांच्यासमोर मांडा.

कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्रांचे पोशाख करून येणाऱ्यांचे, गट वेगळे. त्यांना लागते ती कपडे बदलायची सुरक्षित खोली, आरसा, सामानावर लक्ष ठेवणारं कुणीतरी, आणि तुटलेलं जोडायला गरम गोंदाची बंदूक. शिस्त कशी असते ते बघायचं असेल तर १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ५०१ व्या लिजनकडे बघा. हे स्टार वॉर्सच्या खलनायकांची चिलखतं घालणारे स्वयंसेवक आहेत. ते स्वतःसाठी मानधन घेत नाहीत, पण कपडे बदलायला जागा मागतात आणि सोबत एक साधा माणूस ठेवतात, कारण हेल्मेटमधून पायाखालचं दिसत नाही, लहान मूल तर मुळीच दिसत नाही. मोठा पोशाख घातलेल्या कुठल्याही कॉस्प्लेअरला असा सोबती द्या. शस्त्रांची तपासणी दारातच करा, धार आणि टोक बघा, आणि तपासलेल्याला ठळक रंगाची पट्टी बांधा, म्हणजे आत कुणी पुन्हा पुन्हा अडवणार नाही. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे फलक लावले होते. छोट्या कॉनमध्ये सगळे ओळखीचे असतात म्हणून हा फलक नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हात लावण्याआधी विचारायचं, फोटो काढण्याआधी विचारायचं. तक्रार आली तर कुणाकडे न्यायची त्या माणसाचं नाव आणि नंबर तुमच्या बॅजच्या मागे असू दे.

पत्ते खेळणारे, टेबलावर रोल-प्लेइंग करणारे, चित्रं काढणारे यांना फार काही लागत नाही. शांत कोपरा, चांगला उजेड. स्पीकर त्यांच्या डोक्यावर लावू नका, एवढं पुरे.

पाहुणे आणि गट यांची गाठ घालून देणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. ते आयत्या वेळी करू नका. पाहुण्यांना आधी कळवा, की अमुक गट वीस मिनिटं भेटू इच्छितो, किती जण आहेत, काय विचारणार आहेत. गटाला सांगा, की होकार आला तरच. तिसऱ्या वर्षी आम्ही अशी भेट ठरवली. गटाने त्या डबिंग कलाकारांच्या कामांची हाताने लिहिलेली यादी केली होती. मोठी पात्रं नव्हती त्यात. दुकानदार, शिपाई, 'गर्दीतला दुसरा माणूस', अशी सगळी. एपिसोडच्या क्रमांकासकट, चार पानं. ते बोट फिरवत वाचत गेले आणि तिसऱ्या पानावर बोट थांबलं. "हा तर मी विसरलोच होतो," म्हणाले, आणि त्या शिपायाचं एकुलतं एक वाक्य त्यांनी तिथे बसल्या बसल्या, हळू आवाजात म्हणून दाखवलं. वीस मिनिटं संपल्याचं मीच त्यांना सांगायला हवं होतं. मी पाच मिनिटं उशिरा सांगितलं, आणि ती पाच मिनिटं मी पुढच्या सत्राच्या मोकळ्या वेळेतून आधीच काढून ठेवली होती.

या अनुभवाचा पुढे कामासाठी उपयोग होतो का, असं मुलं विचारतात. होतो. माझ्याबरोबरची एक मुलगी आता गेमच्या स्थानिकीकरणात आहे, म्हणजे गेम दुसऱ्या भाषेत आणण्याच्या कामात, एकजण कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था बघतो. पण मुलाखतीत 'स्वयंसेवक होतो' एवढंच सांगून भागत नाही. तुम्ही बनवलेलं वेळापत्रक, विजेची यादी, रांगेचं गणित जपून ठेवा आणि ते दाखवा.

आणि कॉन संपली की घरी पळू नका. त्या संध्याकाळी टीव्ही उचलायला हात लागतात, राहिलेली पेनं, विग, चार्जर गोळा करून कुणाचं काय ते लिहावं लागतं. तीन दिवसांच्या आत पाहुण्यांना आणि प्रत्येक गटाला आभाराचा मेसेज करा, आणि दोघांनाही सारखेच दोन प्रश्न विचारा: काय अडलं, पुढच्या वेळी काय हवं? 'मेले' खेळणाऱ्या गटाच्या त्या दादाने मला मोठं उत्तर पाठवलं होतं. सर्किटबद्दल एक ओळ होती. बाकी सगळं टेबलांच्या उंचीबद्दल होतं, कारण पाचपैकी दोन टीव्ही खेळणाऱ्यांच्या डोळ्यांच्या बरेच वर बसले होते आणि ते आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.