जुनी पण मजेदार गाडी घेताय? या चुका टाळा

स्वस्त, टिकाऊ आणि चालवायला मजा येईल अशी जुनी गाडी मिळते. माझी अट साधी आहे: गाडी वजनाला हलकी, आत फार गुंतागुंत नको आणि आधीच्या मालकाने तिची देखभाल केलेली हवी. लोक मात्र हॉर्सपॉवर बघतात, कंपनीचा बिल्ला बघतात आणि सर्व्हिसची बिलं बघायची राहून जातात.

हॉर्सपॉवरच्या मागे धावणं

पहिली माझदा एमएक्स-५ १९८९ मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन होतं १.६ लिटरचं, ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. नुसता आकडा वाचून कुणी हुरळणार नाही. पण वजन एक टनाच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि मनगटाच्या झटक्यात पडणारे गिअर. साध्या वेगात वळण घेतलं तरी टायर कुठे पकड धरतोय ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं. दुप्पट ताकदीच्या जड गाडीत तेवढी मजा यायला जो वेग लागतो, तो सार्वजनिक रस्त्यावर गाठायचाच नसतो.

कमी वजनाचा खिशालाही फायदा होतो, तो फारसं कुणी हिशेबात धरत नाही. हलक्या गाडीचे टायर लहान, ब्रेक लहान, क्लचवर भार कमी. म्हणजे ज्या कारणाने मजा येते त्याच कारणाने खर्चही आटोक्यात राहतो. सुझुकीची १.६ लिटरवाली स्विफ्ट स्पोर्ट मला याच कारणाने आवडते. शिवाय इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला तिला रबरी बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलण्याची कटकट नाही. मॅन्युअल गिअरची जुनी होंडा जॅझसुद्धा या यादीत बसते. हसू नका, आधी चालवून बघा.

नावावर विश्वास ठेवून गाडी घेणं

‘या कंपनीच्या इंजिनाला काही होत नाही’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. टोयोटाचं १.८ लिटरचं १झेडझेड इंजिन सेलिका आणि एमआर२ मध्ये होतं. सुरुवातीच्या वर्षांतली ही इंजिनं ऑइल खायची. पिस्टनमधली ऑइल परत जायची भोकं अपुरी, ती काजळीने बुजायची आणि ऑइल अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा अडकायच्या. एवढ्याने इंजिन मरत नाही. ‘टोयोटा आहे’ म्हणून मालक दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढूनच बघत नाही, तेव्हा मरतं. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, ‘किती किलोमीटरला किती ऑइल घालावं लागतं?’ अर्धा लिटर, एक लिटर असं काही उत्तर आलं तर माणूस बघतो तरी. ‘कधी बघायची वेळच आली नाही’ म्हणाला तर मी पुढची गाडी बघायला जातो.

माझदाची आरएक्स-८ हा वेगळाच विषय. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं) ऑइल जाळतं, कारण ते तसंच बनवलेलं आहे, आणि त्याचं कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासायला वेगळं यंत्र लागतं. गाडी अप्रतिम, पण ‘टिकाऊ’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा.

एकेकाळची महागडी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उडी मारणं

गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. बीएमडब्ल्यूची ई४६ चालवायला आजही सुंदर आहे. पण तिच्या कूलिंगमधले प्लॅस्टिकचे भाग वयाने तडकतात आणि मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसते तिथला पत्रा चिरतो. हे सगळं आधीच करून घेतल्याची बिलं असतील तर जरूर घ्या. नसतील तर तो खर्च तुमच्या वाट्याला आलाच म्हणून समजा.

गरम इंजिन बघून भुलणं

तुम्ही पोचायच्या आधी गाडी चालू करून ठेवली असेल तर शंका घ्या. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर ‘थंड झाल्यावर येतो’ म्हणून सांगा. खरी परीक्षा थंड इंजिनाची. चावी फिरवण्याआधी गाडीच्या मागे एक माणूस उभा करा. सुरू होताना निळा धूर येऊन लगेच गेला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. रेस केल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगांचं काम. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) कूलंट आत जातंय. तिथे घासाघीस करत बसू नका.

‘चेक इंजिन’चा दिवा नुसता बंद असून भागत नाही. चावी ऑन केल्यावर तो आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी काढून ठेवलाय. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनरही जवळ ठेवा. कोड नाहीत, पण रेडिनेसच्या चाचण्या (गाडी स्वतःच स्वतःची करते ती तपासणी) अपूर्ण दिसतायत, याचा अर्थ कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन्हींचं कारण विचारा.

रंगाची चकाकी बघणं, खालचा पत्रा न बघणं

इंजिन बदलता येतं, गंजलेला सांगाडा परवडत नाही. एमएक्स-५ मध्ये कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं. पानांचा कचरा साचून त्या तुंबल्या की पाणी आतच साचतं आणि दाराखालचा पत्र्याचा पट्टा, म्हणजे सिल, आतून कुजत जातो. बाहेरचा रंग मात्र झकास. वरून कीर्तन, आतून तमाशा! म्हणून सीट पुढे सरकवून मागचा गालिचा दाबून बघा, ओला लागतो का. सिलवर चुंबक फिरवा. चिकटत नसेल तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

सगळे पैसे खरेदीतच संपवणं

थोडी रक्कम राखून ठेवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, तेही नवं घाला. सायलेन्सर आणि चकचकीत व्हील नंतर.

घेतल्यावर काही खटकलं तर आधी लक्षण नीट ओळखा:

- ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर जातो, हायवेवर ठीक: आधी रेडिएटरचा पंखा आणि त्याचा रिले (पंखा चालू करणारा स्विच) बघा.
- उलटं असेल तर रेडिएटर तुंबलाय का, वॉटर पंप कसा आहे ते बघा.
- ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरतं: व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारताना थरथरतं: डिस्क.
- वळणावर गाडी ढिली, सुस्त वाटते: सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी बुश कडक होऊन चिरले असतील. इथे लोक कडक स्प्रिंग टाकून मोकळे होतात आणि गाडी आणखी बिघडवतात. नवे बुश, धड शॉक अॅब्सॉर्बर, व्हील अलाइनमेंट आणि टायर. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. एवढं करून चालवा, मग स्प्रिंगचं ठरवा.