मासे आणण्याआधी: खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीचं सायकलिंग

टाकी भरली, फिल्टर सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी मासे आणायचा मोह होतो. पाणी नितळ दिसत असतं, पण माशांची घाण पचवणारं त्यात अजून कुणी नसतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो आणि साचलेला अमोनिया त्याचेच कल्ले जाळतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी टाकीत वसवायचे, म्हणजेच सायकलिंग करायचं. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आधी पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी तांबंही, म्हणून आरओ-डीआय पाणी, म्हणजे गाळून क्षारही काढून टाकलेलं पाणी, घ्या. मीठ समुद्री मत्स्यालयाचंच हवं, स्वयंपाकाचं चालत नाही. वेगळ्या बादलीत पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर त्यातलं कॅल्शियम पांढऱ्या गाळासारखं खाली बसतं. छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा मोजा. ३५ पीपीटी (एक किलो खाऱ्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ), म्हणजे घनता सुमारे १.०२६, आला पाहिजे. तापमान २५-२६ अंश ठेवा.

आता दगड आणि वाळू. हे जिवाणू पाण्यात तरंगण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणून सच्छिद्र दगड हेच त्यांचं खरं घर. जुन्या, निरोगी टाकीतला एखादा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आधीच वसलेला दगड, मिळाला तर काम बरंच लवकर होतं. बाटलीतले जिवाणूही चालतात, फक्त ते खाऱ्या पाण्यासाठीचे असावेत.

मग जिवाणूंना खाऊ. काही जण यासाठी एखादा चिवट मासा टाकीत सोडतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण त्याला आठवडेच्या आठवडे विषात ठेवण्याची काहीही गरज नसते. शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरा. ४० लिटर पाण्यात २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया व्हायला जेमतेम पाव ग्रॅम पुरतं. एवढंसं वजन घरच्या काट्यावर नीट होत नाही, म्हणून ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं ५० मिलि म्हणजे पाव ग्रॅम.

दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने तपासा. परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरा. पिवळ्या दिव्याखाली फिकट हिरवा रंग हमखास चुकीचा वाचला जातो. आधी अमोनिया उतरू लागेल, मग नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस चढलेलाच राहील. इथेच धीर सुटतो. या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, नायट्राइटमुळे तो फुगून दिसतो. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा थोडा द्या, पण ४ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका. दिवे बंदच ठेवा, शेवाळ कमी येईल. तरीही काचेवर तपकिरी थर आला तर घाबरू नका, नव्या टाकीत तो येतोच.

छोट्या टाकीत एक गोष्ट रोज पाहावी लागते. बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं आणि खारेपणा भराभर वाढतो. काचेवर पातळीची खूण करा आणि तूट साध्या आरओ-डीआय पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नव्हे.

टाकी तयार झाली का, हे कॅलेंडर पाहून ठरवू नका. २ पीपीएम अमोनिया घाला आणि २४ तासांनी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर झालं. एक आले आणि दुसरे नाही, तर अजून थांबा. मासा आणायला उशीर असेल तर तोवर जिवाणूंना अधूनमधून थोडा अमोनिया देत राहा, नाहीतर ते उपाशी राहतील.

मासा आणण्याच्या आदल्या दिवशी अर्धं किंवा त्याहून जास्त पाणी बदला, म्हणजे साचलेलं नायट्रेट जाईल. नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा टाकीइतकाच असू द्या. मग एकच छोटा मासा सोडा, क्लाउनफिशसारखा. पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया तपासा. पाव पीपीएम जरी दिसला तरी खाणं कमी करा आणि थोडं पाणी बदला. दुसऱ्या माशाचा विचार त्यानंतर.