जादा दाब खाल्लेला प्रेशर गेज कसा ओळखावा

दाब काढल्यावर काटा शून्यावर आला की गेज ठीक आहे, असे बहुतेक जण धरून चालतात. मर्यादेपलीकडचा दाब एकदा बसलेल्या गेजच्या बाबतीत हाच समज घातक ठरू शकतो.

बहुतेक गेजमध्ये चपट्या छेदाची, कमानीसारखी वाकवलेली धातूची नळी असते. फ्रेंच अभियंता युजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बूर्दों नळी म्हणतात. फुंकल्यावर उलगडणाऱ्या कागदी पिपाणीप्रमाणे ही नळी दाबाने किंचित सरळ होऊ पाहते. तिचे मोकळे टोक जेमतेम काही मिलिमीटर हलते आणि दातेरी चाकांमुळे तेवढ्यावर काटा पुरी तबकडी फिरतो. दाब गेला की नळी पूर्ववत होते, पण धातूची लवचिकतेची मर्यादा ओलांडली नसेल तरच. ती ओलांडली की वाक कायमचा बदलतो.

१. आधी दाब काढा. गेजखालचा व्हॉल्व्ह बंद करून अडकलेला दाब व्हेंटमधून, म्हणजे दाब सोडण्याच्या तोंडातून, सोडा. व्हेंट नसेल तर पूर्ण लाइन रिकामी होईपर्यंत गेजला पाना लावू नका. या वेळी गेजच्या समोर उभे राहू नका आणि पाठीमागेही नको: नळी फुटली तर आतला दाब बाहेर पडावा म्हणून अनेक गेजच्या पाठीला उडून जाणारे बूच असते. लाइनमध्ये वायू असेल तर जास्तच जपा. दाबलेल्या वायूत साठलेली ऊर्जा द्रवाच्या मानाने कितीतरी अधिक असते.

२. नीट निरखा. काटा शून्याच्या पुढे थांबला आहे का? वाकला आहे का? काच तडकली आहे, बूच निघाले आहे, काचेच्या आत लाइनमधला द्रव दिसतो आहे? यातले काहीही दिसले तर गेज बाद. एक अपवाद आहे. ग्लिसरिन भरलेल्या कमी रेंजच्या (कमी दाबापर्यंतच मोजणाऱ्या) गेजमध्ये उष्णतेमुळे गेजच्या डब्यातला दाब बदलूनही काटा सरकतो. डब्याचा व्हेंट उघडून पाहिल्याशिवाय असा गेज बाद करू नका.

३. शून्यावरच्या काट्यावरही संशय घ्या. जादा दाबाने काटा शेवटच्या पिनवर आदळतो आणि तिथेच अडतो, पण त्याचा दांडा पुढे फिरत राहू पाहतो. अशा वेळी काटा दांड्यावर घसरू शकतो किंवा चाकांचे दाते उडी मारू शकतात. मग उतरताना काटा वेळेआधीच शून्याच्या पिनला टेकतो. म्हणजे लाइनमध्ये दाब शिल्लक असतो आणि तबकडी शून्य दाखवते! ते पाहून कोणी फ्लँज (पाइपचा बोल्टने आवळलेला सांधा) खोलायला घेतला तर काय होईल, याचा विचार करा. माझ्या मते जास्त दाखवणाऱ्या गेजपेक्षा हा गेज कितीतरी वाईट.

४. खात्रीच्या गेजशी ताडून पाहा. बाहेरून सगळे ठीक दिसले तर गेज काढून अधिक अचूक मास्टर गेजबरोबर एकाच दाबावर लावा. शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण रेंज, अशा टप्प्यांवर दाब चढवताना आणि उतरवतानाही वाचन लिहून ठेवा. १.६ क्लासच्या (म्हणजे पूर्ण रेंजच्या १.६ टक्के चूक चालणाऱ्या) १० बारच्या गेजला ०.१६ बारपर्यंतची चूक माफ असते, त्याहून जास्त नाही. ऑक्सिजनवरचा गेज तेलाच्या टेस्ट पंपावर कधीही लावू नका. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागू शकते.

५. काटा काढून शून्यावर बसवू नका. हा उपाय सर्रास केला जातो आणि म्हणूनच कळकळीने सांगतो. त्याने फक्त लक्षण झाकले जाते. ताणलेली नळी तशीच राहते, वरच्या रेंजमधली चूक राहू शकते आणि नळीला तडा गेलेला असेल तर तो वाढतच जातो. असा गेज बदला आणि जुना कोणी पुन्हा लावू नये म्हणून निकामी करून टाका.

नवा गेज निवडताना युरोपीय मानक ईएन ८३७-१ मधले आकडे उपयोगी पडतात. ५० किंवा ६३ मिमी व्यासाच्या गेजवर स्थिर दाब रेंजच्या तीन-चतुर्थांशापर्यंत आणि चढउताराचा दाब दोन-तृतीयांशापर्यंतच असावा. १०० मिमीचा गेज स्थिर दाब पूर्ण रेंजपर्यंत आणि चढउताराचा ०.९ पटीपर्यंत झेलतो. थोड्या वेळासाठी १.३ पटही चालतो. त्यामुळे ९ बारच्या धडधडत्या लाइनला १० बारचा छोटा गेज लावणे चूक आहे, १६ बारचा घ्या.

मात्र जादा दाब आला कुठून हे शोधले नाही तर नव्या गेजचेही तेच होईल. पंप सुरू होताना किंवा व्हॉल्व्ह झटकन बंद होताना क्षणभर उसळणारा दाब डोळ्यांना दिसतही नाही. तिथे स्नबर, म्हणजे दाबाची उसळी मंदावणारा अरुंद वाटेचा जोड, लावा. उसळी मोठी किंवा टिकून राहणारी असेल तर ठरलेल्या दाबाला गेजकडची वाट बंद करणारा ओव्हरप्रेशर प्रोटेक्टर लागेल, कारण टिकून राहिलेला जादा दाब स्नबर अडवू शकत नाही. दाब बराच वेळ चढलेला होता असे आढळले तर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह) किती बारला उघडतो, हे लाइन पुन्हा चालू करण्याआधी तपासून घ्या.