‘गॅस संपलाय’ ऐकून लगेच पैसे काढू नका: एसी दुरुस्तीतल्या या चुका टाळा

आमचं घर ठाण्यात, खाडीच्या बाजूला. दीड टनाच्या स्प्लिट एसीला चौथं वर्ष लागलं आणि एप्रिलमध्ये तो गार करेनासा झाला. मेकॅनिक आला, आउटडोअरला गेज (गॅसचा दाब मोजायचं यंत्र) लावला, ‘मॅडम, गॅस संपलाय’ म्हणाला आणि पाऊण तासात गॅस भरून तीन हजार घेऊन गेला. जूनमध्ये पुन्हा तेच. पुढच्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा. वर्षभरात साडेनऊ हजार रुपये गेले आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे राहिला. एक साधी गोष्ट मला माहीत असती तर यातले निम्म्याहून अधिक पैसे वाचले असते.

ती गोष्ट अशी की एसीतला गॅस खर्च होत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो, आणि कॉम्प्रेसर त्याला फिरवत ठेवतो. फ्रीजचंही असंच असतं, आणि दर उन्हाळ्यात फ्रीजमध्ये गॅस भरणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा एसीत गॅस कमी असेल तर तो कुठून तरी गळलेला आहे, नाहीतर बसवतानाच कमी भरला गेलेला आहे. गळती न शोधता वरून भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

चौथ्या वेळी शेजारच्या वहिनींनी त्यांच्या ओळखीच्या वयस्कर मेकॅनिकना पाठवलं. आयटीआय झालेले, तीस वर्षं याच कामात. त्यांनी गेज पिशवीतून काढलाच नाही. आधी विचारलं, ‘ताई, देवघरातलं चांदीचं निरांजन किती दिवसांत काळं पडतं?’ मी म्हटलं, आठवड्यात. ते म्हणाले, ‘मग गळती आतल्या कॉइललाच असणार, बघा.’ इनडोअर उघडून त्यांनी टॉर्च मारला. चार वर्षांपूर्वीचं लखलखीत तांबं काजळी धरल्यासारखं काळं झालं होतं. बादलीत साबणाचा दाट फेस करून त्यांनी ब्रशने कॉइलच्या वळणांवर लावला. अर्ध्या मिनिटात एका वळणावर बारीक बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक. तो बुडबुडा पाहिला तेव्हा मला तिन्ही बिलं आठवली आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं.

खाडी, नाले, उघडी गटारं यांच्याजवळच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो चांदी काळी करतो तसंच तांबंही खातो. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत असं घर असेल तर कॉइल ठरल्यापेक्षा लवकर जाऊ शकते, हे गृहीत धरूनच खरेदी करा. कॉइलवर संरक्षक लेप आहे का आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षांची आहे, हे दुकानात विचारा. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, पण पुढचे सात-आठ हजार त्यावर ठरतात.

गॅस भरणं म्हणजे नक्की काय काम असतं

आमच्या भागात दीड टनाला गॅस भरण्याचे अडीच ते साडेतीन हजार घेतात. तेवढ्या पैशांत चार कामं व्हायला हवीत, आणि ती होताना तुम्ही तिथे उभं राहायला हवं.

आधी गळती शोधायची. सांधे आणि फ्लेअर नट (नळ्या युनिटला जोडणारे नट) फेस लावून बघायचे. तिथे सापडली नाही तर नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून काही वेळ तो उतरतो का ते पाहायचं. दाबासाठी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला असेल तर काम तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला लागला की स्फोट होऊ शकतो. बऱ्याचदा गळती नुसत्या सैल फ्लेअर नटची असते. तो नीट आवळला किंवा नळीचं तोंड नव्याने फुलवलं की भागतं, कॉइल बदलावी लागत नाही.

मग गळती बंद करायची. तिसरं काम व्हॅक्यूम. पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा, त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. घाईच्या दिवसांत हेच काम गाळलं जातं. आत दमटपणा राहिला तर तेल बिघडतं आणि काही महिन्यांनी कॉम्प्रेसरवर बेततं.

शेवटी वजन करून गॅस. आउटडोअरच्या पाटीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. आमच्या पाटीवर आर-३२, ७८० ग्रॅम असं आहे. मेकॅनिककडे वजनकाटा हवा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो तसा गेजचा काटाही हलतो, म्हणून नुसत्या काट्यावर भरलेला गॅस हमखास कमी-जास्त होतो. जुन्या एसीतला आर-२२ आणि आताचा आर-३२ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आर-३२ थोडाफार पेटणाराही आहे, त्यामुळे खोली बंद ठेवून काम करू देऊ नका.

कॉम्प्रेसर गेला, की कॅपॅसिटर?

माझ्या आत्याच्या घरचा एसी जुना, इन्व्हर्टर नसलेला. आउटडोअरमधून नुसता हुंऽऽ असा आवाज यायचा आणि काही सेकंदांत बंद. तिला कॉम्प्रेसर जळाल्याचं सांगून चौदा हजारांचा अंदाज दिला. प्रत्यक्षात कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा पार्ट, फुगला होता. मजुरीसकट सातशे रुपये. कॅपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. मेकॅनिकच्या मल्टिमीटरवर येणारा आकडा त्याच्याशी जुळवून बघायला मिनिटभर लागतं, आणि ‘दादा, मला मीटरवर दाखवा’ म्हणण्यात कमीपणा काहीच नाही. कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर तेही मीटरवर दिसतं: वाइंडिंग (मोटरमधल्या तारेचे वेढे) तुटलेलं असतं किंवा बॉडीला शॉर्ट झालेलं असतं. वोल्टेज कमी असतानाही असाच आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तेव्हा आधी घरातलं वोल्टेज बघा.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरसाठी असा कॅपॅसिटर नसतो. तिथे महागात पडतो तो पीसीबी, म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बोर्ड चार ते दहा हजारांच्या घरात जातो, म्हणून तो बदलायला होकार देण्याआधी दोन गोष्टी करा. डिस्प्लेवर एरर कोड येत असेल तर एसी बंद करण्याआधी त्याचा फोटो काढा. अनेकदा तो कोड तापमानाच्या सेन्सरचा असतो आणि सेन्सर काही शे रुपयांत येतो. आणि बोर्ड उघडून बघायला सांगा. पाल आत शिरून शॉर्ट होणं, एखादी वायर सैल होणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे. बोर्ड दुरुस्त करून देणारे कारागीरही शहरांतून असतात, नव्याच्या बऱ्याच कमी पैशांत.

इनडोअरमधून पाणी गळतंय म्हणून गॅस भरून घेऊ नका. बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो, साध्या सर्व्हिसिंगमध्ये निघतो. कॉइलवर बर्फ धरत असेल तर आधी फिल्टरची जाळी धुऊन बघा. हवा अडली तरी बर्फ धरतो.

फोन लावण्याआधी वॉरंटी कार्ड बघा

‘दहा वर्षांची वॉरंटी’ ही बहुधा एकट्या कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी, ने-आण यांचे पैसे वेगळे लागू शकतात, आणि बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं तर उरलेली वॉरंटीही जाऊ शकते. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घेताना ती पार्टसह आहे की नुसत्या सर्व्हिसिंगची, आणि गॅस व कॉइल त्यात धरले आहेत का, हे लेखी घ्या. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात आणि ‘आधी पाच रुपये भरा’ म्हणत खातं रिकामं करतात. नंबर कार्डवरचा किंवा बिलावरचाच घ्या.

काम झालं की बिल मागा. गॅस किती ग्रॅम, कोणता पार्ट, कामाची हमी किती दिवसांची, हे त्यावर लिहून घ्या. बिल देणं टाळणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जुना पार्ट तुमचा आहे. तांब्याची जुनी कॉइल भंगारात वजनावर चांगल्या भावाने जाते, म्हणून ती देणार असाल तर तिचे पैसे मजुरीतून वजा करण्याचं आधीच ठरवा.

सर्व्हिसिंग फेब्रुवारीत उरकून घ्या. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकला दिवसाला दहा घरं करायची असतात, आणि व्हॅक्यूमचा अर्धा तास तिथेच कापला जातो. बाहेरचं युनिट सज्ज्यावर टांगलेलं असेल तर दोर-पट्टा बांधल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. त्यात वेळ गेला तरी जाऊ द्या, कुणाच्या तरी घरचा मुलगा असतो तो.

दहा वर्षांच्या आसपासच्या एसीला नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगत असतील तर मी तो करणार नाही. आर-२२ वाल्या एसीवर तर मोठा खर्च नकोच. भारतात तो गॅस २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

आमची कॉइल बदलायला साडेसात हजार लागले, गॅससकट. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: तारीख, काय केलं, किती ग्रॅम, किती रुपये. दर महिन्याला एसी पंधरा मिनिटं चालवून साध्या थर्मामीटरने आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजते. फरक आठ ते बारा अंशांचा असला की ठीक. परवा आत जाणारी सत्तावीस होती, येणारी सोळा. कॉइल बदलल्याला दोन वर्षं झाली, कागदावर गॅसची दुसरी नोंद अजून झालेली नाही.