शैक्षणिक पालकत्व चालवताय? या चुका टाळा

आमच्या कामात 'पालक' या शब्दाचा फार घोळ आहे. एक जन्माचे पालक. ते दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. दुसरे पावतीचे पालक. ते पुण्या-मुंबईत नाहीतर न्यू जर्सीत असतात आणि एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी वर्षाला ठरलेली रक्कम पाठवतात. बीड जिल्ह्यात एका छोट्या ट्रस्टसाठी मी हे काम बरीच वर्षं केलं. आमच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच निघालं. कार्यक्रम आखला पावतीच्या पालकांना आवडेल असा, आणि जन्माच्या पालकांना विचारायचं राहूनच गेलं.

लाल दप्तर

पहिल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीच्या वर्गातली नऊ मुलं निवडली. गुरुजींनी यादी दिली, आम्ही सह्या केल्या. जूनमध्ये परिपाठाला नावं पुकारून लाल दप्तरं वाटली, फोटो काढले. ऑगस्टमध्ये गेलो तर वर्गात चार लाल दप्तरं कमी. एका पोराच्या हातात खताच्या गोणीपासून शिवलेली पिशवी.

"दप्तर कुठंय रे?"

"घरी टांगलंय. पोरं दत्तक्या म्हणतात."

त्या दिवसापासून 'दत्तक' हा शब्द आम्ही गावात उच्चारला नाही. पावतीवर नाव एका मुलाचं असलं तरी वस्तू सगळ्या वर्गाला, एकाच रंगाची. पैसे पुरत नसतील तर दप्तरं नकोत, वह्या द्या, पण सगळ्यांना द्या.

'हुशार व गरजू' ही जोडीही सोडा. हुशार पोराकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष असतंच. शाळा सुटते ती पटावर नाव असून वर्षातून जेमतेम साठ दिवस हजर असणाऱ्याची. यादी एकट्या मुख्याध्यापकांकडून किंवा सरपंचांकडून घेऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत बसून ठरवा आणि त्याआधी आशाताई आणि अंगणवाडीताईंशी बोला. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना माहीत असतं.

मूल फडावर, मदत शाळेत

ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, उचल (आगाऊ मजुरी) वाटतो, दिवाळी आटोपली की टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत), म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गाव अर्धं रिकामं होतं. उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे आई घरी राहील हा प्रश्नच येत नाही. आम्ही मात्र पालकत्वाचा दुसरा हप्ता जानेवारीत ठेवला होता, कारण तेव्हा देणगीदारांना भेटीला यायला सोयीचं! गणवेश घेऊन शाळेत गेलो तर निवडलेल्यातली निम्मी पोरं सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर.

मग एका आईलाच विचारलं, पोरीला ठेवून का जात नाही? तिने काखेतल्या बाळाकडे बोट दाखवलं. "ह्याला कोण सांभाळणार?" पोरीच्या फीचा, वह्यांचा प्रश्नच नव्हता. आठवीपर्यंतचं शिक्षण २००९ च्या कायद्याने फुकट आहेच. ती पाचवीतली पोरगी फडावर पाळणाघर होती.

तेव्हापासून कामाचं कॅलेंडर उसावर बेतलं. सप्टेंबरातच घरोघर जाऊन यंदा कोण जाणार, मुलं कुणाकडे राहणार हे विचारायचं. आजी सांभाळायला तयार असेल तर तिला त्या सहा महिन्यांचा किराणा द्यायचा. आजीची तयारी नसते ती बहुतेकदा आटा-डाळीपायीच. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो का, याचा शाळेकडे पाठपुरावा करायचा. उशिरा मंजूर झालेलं वसतिगृह काय कामाचं, तोवर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो. आणि जी मुलं जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवायचं, म्हणजे फडाजवळच्या शाळेत बसता येतं.

यातलं काहीच एका मुलाच्या नावावर टाकता येत नाही. किराणा आजीचा, वसतिगृह सगळ्या गावाचं. म्हणून देणगीदाराला पहिल्याच पत्रात सांगून टाका: पैसे तुमच्या नावच्या मुलाच्या हातात जाणार नाहीत, ते त्याच्या गावात खर्च होतील. हे लपवून ठेवलं की पुढे हिशेब मागितल्यावर तोंड लपवावं लागतं. प्रशासनाचा खर्चही सांगा. गाडीत पेट्रोल घातल्याशिवाय आजीपर्यंत पोचता येत नाही, यात लाजण्यासारखं काय आहे?

आभारपत्रांचा कारखाना

'आदरणीय काका-काकू, मी येथे कुशल आहे.' बाईंनी फळ्यावर लिहायचं, चाळीस पोरांनी उतरवायचं. एक तास वाया जातो आणि पोरं खोटं लिहायला शिकतात. हा रोग जुना आहे. अमेरिकेतल्या शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी मोठ्या संस्थांमार्फत बारा मुलांचं पालकत्व घेतलं, नंतर त्यांना शोधत गेले आणि १९९८ मध्ये ते छापलं. मालीतली एक मुलगी केव्हाच वारली होती, तरी तिच्या नावाची खुशाली येतच होती.

वर्गाचं मिळून एक पत्र पाठवा, वर्षातून एकदा. विहिरीला पाणी आलं, नवे गुरुजी आले, काय वाटेल ते लिहू दे. ज्याला लिहायचं नाही त्याने लिहू नये.

फोटोंबाबत तर हयगय नकोच. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव, गाव, शाळा, चेहरा सगळं त्यात आलं. 'वडिलांनी आत्महत्या केलेली अमुक गावची अमुक' असं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. देणगीदाराला मुलाचा किंवा आईचा फोन नंबर देऊ नका. भेटीला आले तर कार्यकर्ता सोबत असलाच पाहिजे आणि भेट शाळेतच. एका सद्गृहस्थांनी एकाच मुलाला सायकल आणली होती. घरातल्या तीन भावंडांत ती महिनाभर भांडणाचं कारण होऊन बसली.

सरकारी पैसा आधी

देणगीतून दरमहा पाचशे देण्याआधी त्या घराला काय मिळू शकतं ते पाहा. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत आता दरमहा २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,०००. विधवा, परित्यक्ता बायकांची कितीतरी मुलं यात बसतात. अडतं कशावर? उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यूदाखला, बोनाफाईड, आधारमधलं चुकलेलं आडनाव. तहसीलला चार हेलपाटे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. कार्यकर्त्याने वर्षभर फक्त ही कागदपत्रं जमवली तरी गावात येणारा पैसा देणग्यांपेक्षा जास्त भरतो.

परदेशातल्या देणग्यांत एक नेहमीची गफलत होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच माणसाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तीच रक्कम परदेशी ठरते. मग परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. तेव्हा आडनाव पाहून पावती फाडू नका, पासपोर्ट विचारा.

दहावीला हात सोडणं

या सगळ्याचा उपयोग होतो का, तर होतो. २०१३ मध्ये भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांवर माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी प्रायोजकत्व मिळालेली मुलं एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असं त्यात दिसलं. हे जास्तीचं वर्ष नेमकं कुठे पडतं ते बघा. आमच्याकडे दहावीनंतरचं ते वर्ष म्हणजे मुलीचं लग्न टळणं. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं.

आणि आमचं पालकत्व दहावीच्या निकालाला, पेढे वाटून, संपायचं! खरा खर्च अकरावीला सुरू होतो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण गावात सकाळची गाडीच येत नसेल तर पास काय करायचा? एका गावात आम्ही देणगीदारांच्या पैशातून काहीही वाटलं नाही. आगारप्रमुखांकडे सात वेळा गेलो, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि अकरा मुलींच्या सह्या. सातव्या खेपेला साडेसहाची गाडी सुरू झाली. न्यू जर्सीच्या काकांना वर्षाच्या अहवालात त्या गाडीच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवला. त्यांचा एका ओळीचा मेल आला: पावसाळ्यात ती गाडी बंद तर करत नाहीत ना?

करतात. नाल्यावरचा पूल झालेला नाही, म्हणून सध्या तालुक्याला त्याच्या मागे आहोत.