टीव्हीला घरातला मीडिया सर्व्हर दिसत नाही? हाळी कुठे अडते ते शोधा

घरातल्या उपकरणांना सिनेमे पुरवणारा मीडिया सर्व्हर चालू आहे, मोबाईलवर सिनेमा लागतो, पण टीव्हीच्या यादीत सर्व्हरचं नावच नाही. अशा वेळी सर्व्हर पुसून पुन्हा टाकायची घाई करू नका. दोष बहुतेक वेळा वाटेत असतो.

डीएलएनए म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांना व्हिडिओ, गाणी द्यायची पद्धत. टीव्ही असा सर्व्हर शोधतो तो हाळी देऊन. २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, यूडीपी पोर्ट १९०० वर तो विचारतो, 'कुणी सर्व्हर आहे का?' सर्व्हर ओ देतो. व्हिडिओ मात्र दुसऱ्याच पोर्टवरून येतो: मिनीडीएलएनए या सर्व्हर प्रोग्रामचा ८२००, जेलीफिन या दुसऱ्या प्रोग्रामचा ८०९६. म्हणून सिनेमा चालतो तरी हाळी बंद असू शकते.

आधी सर्व्हर तपासा. मोबाईल टीव्हीच्याच वायफायवर घ्या आणि ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता पोर्टसह टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०:८२०० (आकडे इंग्रजी कीबोर्डवरून). मिनीडीएलएनएच्या पानावर किती व्हिडिओ सापडले तो आकडा दिसतो. तिथे शून्य असेल तर फोल्डरचा मार्ग किंवा परवानगी चुकली आहे. पानच उघडत नसेल तर पत्ता बदललाय का बघा. पावसाळ्यात लाईट जाऊन आली की राउटर नवा पत्ता देऊ शकतो, तेव्हा राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा.

मग राउटर मोजा. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती जाड. फायबरचा डबा खाली, आणि वर रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर. हा दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क काढतो आणि गोंधळ इथेच होतो. वरच्या वायफायवरून खालच्या सर्व्हरचं पान व्यवस्थित उघडतं, पण हाळी राउटर ओलांडत नाही. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता वाचा. सर्व्हर १९२.१६८.१ मध्ये आणि टीव्ही १९२.१६८.० मध्ये असेल तर कारण सापडलं.

उपाय म्हणजे दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकणं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न काढता फक्त वायफाय पसरवेल. तो मोड नसेल तर याच क्रमाने करा: त्याला पहिल्या राउटरच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि शेवटी वायर वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा. आधीच वायर हलवलीत तर दोन राउटर पत्ते वाटत बसतील.

टीव्ही गेस्ट वायफायवर असेल किंवा राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) चालू असेल, तरीही हाळी पोचत नाही.

सर्व्हरच्या मशीनवर विंडोज असेल तर नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १९०० सोबत सर्व्हरचा टीसीपी पोर्टही (८२०० किंवा ८०९६) मोकळा करा. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) सर्व्हर असेल तर 'होस्ट' नेटवर्क वापरा. नेहमीच्या ब्रिजमधून मल्टिकास्ट जात नाही. व्हीपीएन किंवा व्हर्च्युअलबॉक्स असेल तर सर्व्हर भलत्याच इंटरफेसवर (नेटवर्क जोडणीवर) ओ देत बसतो, म्हणून सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कचा इंटरफेस नेमून द्या. जेलीफिनच्या १०.९ आवृत्तीपासून डीएलएनए वेगळं प्लगइन झालंय, ते टाकल्याशिवाय नाव दिसणारच नाही.

दिसतो आणि गायब होतो? सर्व्हर रिस्टार्ट केला की नाव येतं, चार-पाच मिनिटांनी टीव्हीने पुन्हा शोधलं तर सापडत नाही. हा दोष हमखास चकवतो. स्विचमधलं (नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्यातलं) 'आयजीएमपी स्नूपिंग' कोणत्या पोर्टला मल्टिकास्ट हवंय ते लक्षात ठेवतं. ती नोंद ताजी ठेवायला कुणीतरी अधूनमधून विचारावं लागतं. त्याला 'क्वेरियर' म्हणतात. घरात तो नसेल तर साधारण २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते आणि टीव्हीची हाळी सर्व्हरपर्यंत जातच नाही. राउटर किंवा स्विचमध्ये क्वेरियर चालू करा. सोय नसेल तर स्नूपिंग बंद करा. घरातल्या तीन-चार उपकरणांना त्याने फरक पडत नाही.

प्रत्येक बदलानंतर टीव्ही रिमोटने नव्हे, प्लग काढून मिनिटभराने चालू करा. स्टँडबायमध्ये जुनी यादी तशीच राहू शकते. एवढ्यानंतरही नाव आलं नाही आणि सर्व्हर जेलीफिन असेल, तर टीव्हीवर त्याचं ॲप टाकून पत्ता हाताने भरा, ८०९६ पोर्टसकट.